छोट्या गाडीतून सायकली न्यायच्या तर: पुण्यातल्या नवशिक्यांसाठी

पुण्यातून सायकलवर बाहेर पडायचं म्हणजे अर्धा दम शहर ओलांडण्यातच जातो. कात्रजकडून निघा नाहीतर चांदणी चौकाकडून, सुरुवातीचा रस्ता डंपर, धूळ आणि रिक्षांच्या संगतीतच कापावा लागतो. सायकलची खरी मजा पुढे आहे: भोरहून नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने वरंध्याकडे जाताना, मुळशीहून ताम्हिणीकडे, वाईहून धोम धरणाकडे. तिथपर्यंत सायकल गाडीतून नेली तर पायातली ताकद चढासाठी उरते, आणि घरातल्या शाळकरी पोरालाही बरोबर नेता येतं.

अडचण एवढीच, की सायकल कशी न्यावी याचे बहुतेक सल्ले मोठ्या एसयूव्हीवाल्यांसाठी असतात आणि आपल्या दारात उभी असते ती अल्टो, वॅगनआर, सेलेरिओ, टियागो किंवा स्विफ्ट. चार मीटरच्या आतली, पत्रा हलका, इंजिन छोटं, आणि ॲव्हरेज चांगलं देते म्हणूनच घेतलेली. अशा गाडीसाठी माझा क्रम ठरलेला आहे: आधी आत बसते का पाहा, नाही बसली तर मागे लावा, आणि टपावर न्यायची वेळ अगदी शेवटी येऊ द्या. रॅक, म्हणजे गाडीबाहेर सायकल बांधायची चौकट, विकणारा बरोबर उलट्या क्रमाने सांगेल, कारण आत ठेवायला काहीच विकत घ्यावं लागत नाही.

आधी टेप काढा

खरेदीच्या आधी दोन मापं घ्या: सायकलची टायरपासून टायरपर्यंतची लांबी आणि गाडीची रुंदी. मोठ्या माणसाची सायकल साधारण १७० ते १८५ सेंटिमीटर भरते. अल्टो के१० ची रुंदी १४९ सेंटिमीटर आहे, वॅगनआरची १६२, टियागोची १६८ च्या आसपास आणि स्विफ्टची १७३.५. म्हणजे दोन्ही चाकांसकट सायकल मागे आडवी लटकवली, तर अल्टोच्या दोन्ही बाजूंना चाकं अर्धी-पाऊण वीत बाहेर डोकावणार. लक्ष्मी रोडवर पंधरा मिनिटं काढलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

उपाय सोपा आहे. पुढचं चाक काढा. चाकाचा आस हा फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या) टोकाशी असल्याने चाक काढलं की अर्ध्या चाकाइतकी, म्हणजे ३३-३४ सेंटिमीटर लांबी कमी होते. १७५ ची सायकल १४१ ची होते आणि अल्टोच्या अंगातही मावते. छोट्या गाडीवाल्याने चाक काढायला शिकणं हे रॅक घेण्याच्या आधीचं काम आहे.

वजनही करून ठेवा. घरातल्या काट्यावर आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग सायकल उचलून. फरक म्हणजे सायकलचं वजन. रोड बाईक ९ ते ११ किलो, हायब्रिड १२ ते १४, एमटीबी (माउंटन बाईक) १४ ते १६ किलो भरते. बॅटरीची सायकल वीस किलोच्या पुढे जाते. ती छोट्या गाडीच्या मागच्या दारावर टांगू नका. बॅटरी काढून सीट पाडून आत ठेवता आली तर ठीक, नाहीतर सोडून द्या.

पहिली पसंती: गाडीच्या आत

दोन माणसं आणि एक सायकल असेल तर पुढचं काही वाचायचीही गरज पडणार नाही. मागची सीट पाडा, जुनी चादर अंथरा आणि सायकल आत घाला. वॅगनआरसारख्या उंच गाडीत हे फार सोपं जातं. दोन्ही चाकं काढली तर दोन सायकलीही बसतात, मध्ये आणखी एक चादर घातली की झालं.

क्रम असा ठेवा. सायकल उभी असतानाच गिअर बदलून चेन मागच्या सर्वांत लहान चकतीवर आणा, म्हणजे मागचं चाक विनाभांडण निघतं. रिम ब्रेक (चाकाची कड दाबणारा) असेल तर आधी ब्रेक मोकळा करा, नाहीतर फुगलेला टायर पॅडमध्ये अडकून बसतो. मग पुढचं चाक. क्विक रिलीज (आसावरचा हाताने उघडायचा लिव्हर) असेल तर पान्याची गरज नाही. साध्या नटांची सायकल असेल तर बहुतेक वेळा १५ नंबरचा पाना लागतो, तो गाडीतच ठेवून द्या, कारण उतरल्यावर चाक बसवायलाही तोच लागणार आहे. सायकल आडवी करताना चेनची बाजू वर. मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) खाली गेला आणि त्यावर वजन आलं की त्याचा हँगर (तो फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकतो, आणि मग घाटाच्या पायथ्याशी गिअर उड्या मारायला लागतात.

डिस्क ब्रेकवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायची: चाक काढलेलं असताना ब्रेकचा लिव्हर दाबायचा नाही. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये दोन्ही पॅड पुढे येऊन बसतात आणि पुन्हा डिस्क आत जात नाही. सायकलबरोबर मिळालेला प्लास्टिकचा तुकडा, तो हरवला असेल तर पुठ्ठ्याची जाड घडी, पॅडच्या मध्ये सरकवून ठेवा. काढलेलं चाक ठेवताना डिस्कवर काही दाबून बसणार नाही असं ठेवा.

सीएनजीवाल्यांचं गणित जरा वेगळं. डिकीत टाकी असेल तर सीट पाडूनही सपाट जागा मिळत नाही, पायरी तयार होते. सायकल त्या पायरीवर तिरकी ठेवता येते, पण टाकीच्या व्हॉल्व्हवर किंवा नळीवर पेडल, पाना, काहीही टेकता कामा नये. टाटांच्या काही गाड्यांत दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली गेल्या आहेत. तिथे थोडी जास्त जागा हाती लागते.

आत ठेवलेली सायकलही बांधायची. अचानक ब्रेक मारला तर चौदा किलोचं लोखंड थेट तुमच्या मानेकडे येतं. पुढच्या सीटच्या पायाला किंवा सीटबेल्टच्या अँकरला एक पट्टा पुरतो.

मागच्या दारावरचा पट्ट्यांचा रॅक

चौघं जाणार आणि मागची सीट पाडता येत नाही, तेव्हा हा पर्याय. दोन हात बाहेर आलेली घडीची चौकट, आणि तिला मागच्या दाराच्या कडांमध्ये अडकवणारे सहा पट्टे. गाडीला भोक पाडावं लागत नाही, काम झालं की काढून माळ्यावर टाकता येते. रॅकवर तीन सायकलींची क्षमता लिहिली असली तरी छोट्या हॅचबॅकवर दोनच न्या. रॅक तीन सायकली पेलेल, पण ते सगळं वजन तुमच्या गाडीच्या पातळ पत्र्यावर आणि बिजागरीवर येणार आहे.

विकत घेण्याआधी मागचं दार नीट बघा. वरच्या कडेला प्लास्टिकचा स्पॉयलर असेल तर वरचे पट्टे त्यावरून ताणले जाऊन तो तडकू शकतो. रॅकच्या माहितीपुस्तिकेत गाड्यांची यादी असते. तुमचं मॉडेल आणि वर्ष त्यात नसेल, तर दुकानदाराला पार्किंगमध्ये नेऊन तुमच्या गाडीवर लावून दाखवायला सांगा. 'सगळ्या गाड्यांना बसतो' हे उत्तर पुरेसं नाही. हुकांना रबराचं किंवा प्लास्टिकचं आवरण हवंच.

लावताना आधी गाडीचा मागचा भाग ओल्या फडक्याने पुसा. पुण्याची धूळ पत्रा आणि रबर यांच्यात राहिली की पॉलिश पेपरचं काम करते, आणि ओरखडे रॅकच्या नावावर जातात. हवं ते सामान डिकीत आत्ताच टाका, कारण रॅक लागल्यावर मागचं दार उघडायचं नाही. मग चौकट अशी टेकवा की खालचा भाग बंपरवर आणि वरचा भाग पत्र्यावर येईल, काचेवर नाही. मागचा वायपर मध्ये येत नाही ना, तेही बघा. वरचे पट्टे आधी, मग खालचे, शेवटी बाजूचे. प्रत्येक पट्टा थोडा थोडा, आळीपाळीने आवळा. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर चौकट तिरकी बसते. झाल्यावर चौकट धरून जोरात हलवा. गाडी हलली पाहिजे, रॅक नाही.

आता सायकली. जड सायकल गाडीच्या जवळ, हलकी बाहेर. दोघींची तोंडं विरुद्ध दिशांना, म्हणजे हँडल हँडलला भिडत नाही. गाडीकडचं पेडल पत्र्याला हमखास ओरखडतं. ते काढून टाका किंवा फडक्यात गुंडाळा. काढणार असाल तर लक्षात घ्या, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. हे माहीत नसल्याने पान्यावर उभे राहून पेडल आणखी घट्ट करणारे महाभाग कमी नाहीत. सायकलच्या फ्रेमच्या नळीला जिथे रॅकचा हात लागतो तिथे एसीच्या पाईपला घालतात तो काळा फोम चिरून बसवा, चार पैशांत काम होतं. फिरतं हँडल नळीला बांधून टाका, आणि खालचं चाक रॅकच्या दांड्याला बांधा, म्हणजे सायकल झोके घेत नाही.

ज्या सायकलींची वरची नळी उतरती किंवा नसलेलीच, म्हणजे लेडीज सायकल, मुलांची सायकल, काही एमटीबी, त्यांच्यासाठी सीटच्या दांडीपासून हँडलच्या दांडीपर्यंत लावायची जोडनळी वेगळी मिळते. कार्बन फ्रेमची सायकल मात्र या रॅकवर नकोच. नळीवर पडणारा दाब तिला मानवत नाही. तिची जागा गाडीच्या आत.

आणि सायलेन्सर! खालचं चाक त्याच्या तोंडासमोर आलं तर टायर आणि रिम दोन्ही तापतात, घाटात तर फारच. चाक त्या बाजूला येत असेल तर सायकल उलट्या तोंडाने टांगा.

पट्टे, दोऱ्या, बंजी कॉर्ड (टोकांना हुक असलेली ताणणारी दोरी) हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत फिरलात की एका फेरीत मिळतं. पण एक फरक करा: बंजी कॉर्ड ही हलणारं चाक धरून ठेवायला, सायकलचं वजन पेलायला नाही. ताणली जाते ती गोष्ट भार धरत नाही. पंक्चरवाल्याकडे जुन्या ट्यूबच्या पट्ट्या मागा. ओरखडा न पाडता घट्ट बांधायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही, आणि बहुतेक वेळा तो पैसेही घेत नाही.

नंबर प्लेट, दिवे आणि दंड

मागे लावलेल्या रॅकची खरी अडचण इथे आहे. नंबर प्लेट झाकली गेली की पोलिसाला अडवायला सबब मिळते, आणि सबब रास्तही आहे. हाय सिक्युरिटी प्लेट उघडता न येणाऱ्या लॉकने बसवलेली असते, त्यामुळे ती काढून रॅकवर लावू असं म्हणता येत नाही, आणि हाताने रंगवलेली दुसरी प्लेट लटकवणं म्हणजे आणखी एक गुन्हा. म्हणून सायकली शक्य तितक्या वर टांगायच्या आणि पुढचं चाक काढायचं. ज्या गाडीची प्लेट खाली बंपरवर आहे तिला हे सहज जमतं. दाराच्या मध्यावर प्लेट असेल तर सायकली टांगून झाल्यावर दहा पावलं मागे जाऊन नंबर पूर्ण वाचता येतो का ते पाहा. येत नसेल तर मांडणी बदला. तेव्हाच ब्रेकचे दिवे आणि दोन्ही इंडिकेटर घरच्या कुणाला तरी लावायला सांगून दिसतात का तेही बघा.

दुसरी गोष्ट बाजूला येणाऱ्या सामानाची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये, सामान गाडीच्या बाजूंच्या बाहेर किंवा ठरलेल्या मर्यादेपलीकडे मागे, पुढे, वर गेलं तर २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. ती प्रामुख्याने लोखंडी सळया नेणाऱ्या टेम्पोंसाठी आठवते, पण शब्द 'मोटार वाहन' असाच आहे. चाक काढायला लागणारी दोन मिनिटं यापुढे स्वस्त आहेत.

मागे टो-हिच (ट्रेलर जोडायचा लोखंडी हुक) वेल्ड करून त्यावर रॅक लावून देणारे गॅरेजवाले भेटतील. छोट्या गाडीला हे करू नका. कंपनीने त्या जागी भार धरलेला नसतो, आणि गाडीत कायमचा बदल केला की वॉरंटी, विमा आणि आरटीओ अशी तीन भांडणं एकदम अंगावर येतात.

टपावर न्यायचीच असेल तर

टपावरच्या रॅकचा फायदा मान्य करायला हवा: नंबर प्लेट मोकळी, दिवे मोकळे, मागचं दार उघडतं. कार्बन फ्रेमलाही चालेल असा, फक्त चाकं धरणारा कॅरियर मिळतो. तरी मी तो शेवटी ठेवतो.

पहिलं कारण पाया. रॅक ज्यांवर बसतो त्या आडव्या दांड्या कशाला धरणार? पुष्कळ छोट्या गाड्यांवरचे रूफ रेल दिखाऊ असतात, चिकटवलेलं प्लास्टिक. त्यांना दांडी बांधली तर एखाद्या वळणावर रेलसकट सायकल मागच्या गाडीवर जाईल. टपाला किती भार चालतो हे गाडीच्या पुस्तिकेत पाहा, आणि त्यात सायकलींबरोबर दांड्या आणि कॅरियरचं वजनही धरा. पुस्तिकेत आकडाच नसेल तर टप विसरा. हवेच्या दाबाने चिकटणाऱ्या रबरी चकत्यांचे रॅकही निघाले आहेत. धुळीच्या टपावर त्यांच्या भरवशावर सायकल सोडायला माझं मन होत नाही.

दुसरं कारण वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १०० ऐवजी ८० ने गेलात तर तो एक तृतीयांशाहून जास्त कमी होतो. छोट्या इंजिनाला टपावर उभ्या दोन सायकली हा रोजचा भार नाही. एक्सप्रेसवेवर पाचव्या गिअरमध्ये गाडी कण्हायला लागते आणि ॲव्हरेज डोळ्यांदेखत उतरतं. मागच्या सायकली बऱ्याच अंशी गाडीच्या आडोशाला असतात, त्यामुळे तिथे फटका कमी बसतो. रिकाम्या दांड्याही वारा अडवतात, त्यामुळे सोमवारी ऑफिसला जाताना त्या वर मिरवू नका.

तिसरं कारण उंची. स्विफ्ट दीड मीटरची, वॅगनआर पावणेदोनच्या जवळ. वर सायकलचा एक मीटर धरला की अडीच ते पावणेतीन मीटर. सोसायटीचं बेसमेंट, मॉलचं पार्किंग, रस्त्यावरचा उंचीचा लोखंडी अडसर, वडाच्या पारंब्या, सगळं आता तुमच्या हद्दीत येतं. सायकल वर आहे हे माणूस हमखास विसरतो, तेही दमून घरी परतताना. निघतानाच स्टिअरिंगसमोर चिठ्ठी चिकटवा: 'वर सायकल आहे'. पार्किंगच्या गेटचा रिमोट डिकीत टाका, म्हणजे तो काढायला उतरावंच लागेल.

सात-आठ जणांचा गट असेल तर प्रत्येकाने रॅक घेण्यापेक्षा एक छोटा हत्ती ठरवा. सायकली पोत्यांच्या थरांत उभ्या बांधून जातात, भाडं वाटून घेतलं की परवडतं. माणसं मात्र मागे बसवायची नाहीत.

निघण्याआधी आणि रस्त्यावर

टायरमधली हवा भरल्या गाडीच्या आकड्याप्रमाणे ठेवा; तो आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. मागे वजन आलं की गाडीचं नाक किंचित वर होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. दिव्यांची पातळी बदलायचं बटण असेल तर ते खाली करा.

पहिली फेरी लांबची नको. खडकवासल्यापर्यंत जाऊन या. दोन-तीन किलोमीटरवर गाडी बाजूला घेऊन सगळे पट्टे पुन्हा आवळा, कारण पहिल्या दोन-चार स्पीडब्रेकरवर ते सैल पडतातच. पट्टा वाऱ्याने गुणगुणत असेल तर त्याला एक पीळ द्या, आवाज थांबतो. लोंबणारी टोकं गाठ मारून आत खोचा. स्पीडब्रेकरवर नेहमीच्या निम्म्या वेगाने जा. रिव्हर्स सेन्सर सायकलींना अडथळा समजून ओरडत राहील आणि कॅमेऱ्यात फक्त स्पोक दिसतील, तेव्हा मागे घेताना कुणाला तरी उतरवा.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सायकल चालवायला बंदी आहे, गाडीवर बांधून न्यायला अडचण नाही. कारसाठी तिथे सपाटीला १०० ची मर्यादा असली, तरी सायकली बांधलेल्या छोट्या गाडीने डावीकडच्या लेनमध्ये ८० वर राहावं. घाट उतरताना ॲव्हरेजच्या मोहाने गाडी न्यूट्रलमध्ये टाकणारे अजून आहेत. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट ते थोडं जळत राहतं, आणि मागे तीस किलो लटकत असताना सगळा भार ब्रेकवर येतो.

पावसाळ्यात सीटवर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा. अख्ख्या सायकलीला ताडपत्री गुंडाळू नका, तिचं शीड होतं. भिजल्यावर नायलॉनचे पट्टे ताणले जातात, म्हणून पाऊस लागून गेला की थांबून पुन्हा आवळा. चहाला थांबाल तिथे गाडीचं मागचं अंग भिंतीकडे करा आणि दोन्ही फ्रेममधून केबल लॉक घालून रॅकला अडकवा. गाडी नजरेसमोर राहील अशाच टेबलावर बसा.

परतल्यावर

सायकली उतरवल्या की रॅकही त्याच दिवशी काढा. नुसता लटकत ठेवलेला रॅक धूळ धरतो, रंग घासतो आणि मागचं दार कुणीतरी घाईत उघडलं की हुक पत्रा वाकवतात. पट्टे ओले असतील तर सावलीत वाळवा; उन्हाने त्यांचा धागा कमजोर होतो. शिवण उसवलेली किंवा कड पांढरी पडून तंतू निघालेले दिसले तर तो पट्टा बदला. मागच्या दाराच्या कडा हाताने चाचपून पाहा, हुकांच्या जागी रंग उडाला असेल तर पावसाळ्याआधी टचअप करून घ्या, नाहीतर तिथून गंज धरतो. आणि पुढचं चाक बसवताना क्विक रिलीजचा लिव्हर बंद करायला तळहाताला जोर लागला पाहिजे. तो सहज मिटत असेल तर समोरचा नट थोडा आवळून पुन्हा बंद करा.